म्हाताऱ्याचं पोट

११ सप्टेंबर

दोन्ही हातांत कासव, म्हणून किल्ली दातांत धरली आणि दार खांद्यानं लोटलं. मागून घरमालकिणीचा भाचा सांगत होता, जरा जपून, उचललं की तो लघवी करतो. तोवर करून झाली होती. या घरात माझा प्रवेश झाला तो ओल्या बाहीनं. भाच्याला हसू आवरेना, मग मलाही. कुणाबरोबर तरी हसल्याला बराच काळ लोटला होता.

घर बैठं आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर, सकाळचं ऊन येणारी एक खोली, आणि मागे एक थंड खोली, तिला खिडकी नाही. परसात भिंतीच्या कडेनं गवत, जास्वंदीचं झुडूप, द्राक्षाचा जुना वेल. सगळं भाच्याच्या आत्याचं. आत्या या वसंतात गेली. तिनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं की म्हातारा आहे तोवर घर विकायचं नाही, आणि त्याला इथून हलवायचं नाही. म्हातारा म्हणजे हे कासव, आणि त्याला सांभाळायला मी. भाचा म्हणाला, आम्ही सगळे जाऊ आणि हा राहील, तेव्हा तुमची चैन आहे. तो आहे तोवर तुम्ही आहात, असं समजा.

फाटकाशी जाऊन तो परत आला. एक राहिलंच म्हणाला. आत्या कधी एकटी जेवली नाही. पहिला घास त्याला, मग तिला. तेवढं सांभाळा.

मी म्हटलं, सांभाळते की. मलाही सोबत.

१३ सप्टेंबर

जेवायला खाली बसते. तो स्वयंपाकघराच्या फरशीवर नखं वाजवत येतो आणि माझ्या गुडघ्याशी थांबतो. दुधात भिजवलेला ब्रेड त्याला आवडतो. केळं त्याहून जास्त. आधी मान लांब करतो, वास घेतो, तोंड उघडतो, पण घाई करत नाही. घास आतून खाली जाताना गळ्याची सुरकुतलेली कातडी हलते. सगळं जेवण मी हेच बघत बसते.

आई गेल्यापासून मी भावाकडे होते. वहिनी मनानं वाईट नाही. पण त्या घरात टेबलाला माझी खुर्ची नव्हती. कुणी उठलं की मी बसायची. इथे माझ्यावाचून कुणी जेवायला सुरुवात करत नाही.

१९ सप्टेंबर

म्हाताऱ्याचं पोट बिघडलं. काल रात्रभर आणि आज सकाळी पातळ, आंबूस वासाचं. शेपटी आणि मागचे पाय लडबडलेले. कोमट पाण्यानं पुसून काढलं आणि टोपलीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना चौकात आहे. डॉक्टर वयस्कर आहेत आणि कुत्र्यांशी जितकं गोड बोलतात तितकं माणसांशी बोलत नाहीत.

काय घालता म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बाई, हा कासव आहे, जावई नाही. दूध? अंड्यातून निघालेला जीव तो, याच्या कुठल्या पिढीनं दूध प्यायलं? केळ्यातली साखर याच्या पोटात आंबते, ब्रेडचा गोळा होतो. याला चोथा लागतो चोथा. गवत, जास्वंदीची पानं, द्राक्षाची पानं. हिरवं आणि कडवट. गोड म्हणजे याला विषच. रोज उथळ कोमट पाण्यात बसवा, मान वर राहील इतक्याच. दिव्याची ऊब द्या. याच्या पोटात स्वतःचा विस्तव नसतो, बाहेरून मिळेल तेवढ्यावरच पचतं, तेही सावकाश. आज खाल्लेलं पान बाहेर यायला आठवडा-दीड आठवडा जातो.

मी म्हटलं, आत्या पहिला घास द्यायच्या.

डॉक्टर म्हणाले, तुमच्या आत्यांना तेच सांगून सांगून माझे केस गेले.

त्यांना एकही केस नाही. मी हसले. ते हसले नाहीत.

२५ सप्टेंबर

दिवा आणला. सकाळी तो उन्हाच्या खोलीत दिव्याखाली बसतो, मी समोर. पानं धुऊन, पुसून, हातानं देते. आता घट्ट होतंय, गडद हिरवं, आत गवताचे तुकडे दिसतात. आयुष्यात कुणाची विष्ठा बघून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

शेजारच्या काकू कुंपणावरून बोलल्या. नव्या बाई का? जेवायला काय करता एकट्यासाठी? मी म्हटलं, अंडं, ब्रेड, बटाटा, चालतं मला काहीही. त्या म्हणाल्या, एकट्या बायका अशाच जेवतात, उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. मग त्यांचा फोन वाजला आणि त्या आत गेल्या. बराच वेळ मी कुंपणापाशी उभी होते. त्या परत आल्या नाहीत.

३० सप्टेंबर

पुन्हा पातळ. आणि त्यात पांढरे तुकडे.

डॉक्टरांनी नमुना काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, मग नुसत्या डोळ्यांनी बघितला. अंडं घातलंत तुम्ही, म्हणाले. उकडलेलं. वर ब्रेडसुद्धा.

मी म्हटलं, नाही हो. पानांखेरीज काही नाही.

ते म्हणाले, बाई, मी गेली कित्येक वर्षं जनावरांची घाण बघतोय, जनावरं खोटं बोलत नाहीत. लाड करायचे तर मुलांचे करा. मुलं नाहीत म्हटल्यावर थोडे वरमले. पण शब्द मागे घेतला नाही.

या गावात माझ्याशी बोलणारा माणूस हा एकच. आणि त्याला मी लबाड वाटते.

अंडं मी खाल्लं होतं. काल दुपारी, दोन उकडलेली. त्यातलं कणभरही त्याला दिलं नाही. तो तेव्हा दिव्याखाली झोपला होता.

३ ऑक्टोबर

काल रात्री त्याला उन्हाच्या खोलीत ठेवलं, दार लावलं, बाहेरून कडी घातली आणि स्वयंपाकघरात एकटी जेवले. जेवण गिळलं म्हणावं, जेवले म्हणवत नाही. बटाटा, वर भरपूर मिरपूड.

आज सकाळी त्याच्या खालच्या कागदावर पातळ पिवळट पाणी आणि काळे कण. बोटावर घेऊन वास घेतला. मिरपूड.

कडी होती तशी होती.

भूक फार लागते. पोटभर जेवून उठते आणि हात धुवेपर्यंत पोट रिकामं असतं. परकराची नाडी रोज आणखी आवळावी लागते.

६ ऑक्टोबर

काल बीट खाल्लं. मुद्दाम. दोन मोठी उकडून, दुसरं काही नाही. बीट घरात आणलं तेव्हापासून म्हातारा कडी घातलेल्या खोलीत होता. सालं बाहेर फाटकाशी टाकली. हात साबणानं घासले.

आज सकाळी कागद लाल होता. आधी रक्त वाटलं आणि मी ओरडले. मग वाकून पाहिलं. बीटच. नीट चावलेलं. त्याला दात नाहीत.

त्याच्या पोटात पान आठवडाभर राहतं. माझं जेवण एका रात्रीत पोचतं.

आणखी एक, ते लिहायची लाज वाटते. मी शौचाला कधी गेले होते ते आठवत नाही. इथे आल्यावर पहिले काही दिवस. त्यानंतर नाही. त्रासही नाही. आत काही नसतंच.

७ ऑक्टोबर

तो आजारी आहे. डोळे मिटलेले, मान फरशीवर टाकलेली. पाण्यात बसवलं तर बुडेल असं वाटलं, म्हणून हनुवटीखाली हात धरून बसले. माझ्या जेवणानं तो मरेल. आणि मी न जेवता

भावाचा फोन आला. सहज केला म्हणाला. मी म्हटलं, परत येऊ का? मग म्हणाला, ये ना, तुझंच घर आहे, फक्त तुझ्या खोलीत आता धाकट्याचा अभ्यास असतो, पण हॉलमध्ये होईल काहीतरी सोय. मागून वहिनीचा आवाज आला, सोफा उसवलाय म्हणावं, आधी सांगितलेलं बरं.

म्हटलं, गंमत केली. मजेत आहे मी.

९ ऑक्टोबर

जास्वंदीची पानं जिभेला बुळबुळीत लागतात. द्राक्षाची आंबट. गवत चावलं जात नाही, दातांत अडकतं, बारीक चिरून पाण्याबरोबर गिळलं. बसले खाली, त्याच्यासमोर. पहिलं पान त्याला, दुसरं मला.

त्यानं डोळे उघडले.

१८ ऑक्टोबर

घट्ट, गडद हिरवं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला उचलून तोललं, तोंडात बघितलं, डोळ्यांत बघितलं. असं पाहिजे, म्हणाले. आता कसं शहाण्यासारखं. उत्तम ठेवलंय तुम्ही याला. बोललो ते मनावर घेऊ नका.

मला रडू आलं. अहो, बरा आहे तो, आता कशाला रडता? मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही जेवता ना नीट?

म्हटलं, हो, हा जेवतो तेच.

ते मोठ्यानं हसले. शेवटी हसले.

२७ ऑक्टोबर

दिवा जळाला. सकाळी कळलं, कारण उठता येईना. जाग होती, पण हात जड, बोटं जड, पापणी उघडायचं मनात आणल्यावर बऱ्याच वेळानं उघडली. ऊन खिडकीतून फरशीवर आलं, त्याच्या पाठीवर चढलं, आणि तेव्हा माझे पाय हलले. माझ्या अंगावर ऊन नव्हतं.

नवा दिवा आणायला गेले. परतताना काकू भेटल्या. अगं बाई, केवढ्या वाळलात. आत्यांचंही असंच झालं होतं. त्या सांगू लागल्या आणि मी ऐकत उभी राहिले. आत्या म्हणे पूर्वी चांगल्या अंगानं होत्या. शेवटच्या वर्षी वेलाखाली उभ्या राहून पानं तोडून तोंडात घालताना दिसायच्या. काकूंनी चेष्टाही केली होती, आत्या, शेळी झालात की. गेल्या थंडीत त्यांनी दार उघडणं सोडलं. सगळ्यांना वाटलं भाच्याकडे गेल्या. वसंतात कासव एकटंच चालत फाटकापर्यंत आलं, तेव्हा लोक आत गेले. मागच्या थंड खोलीत होत्या. पालथ्या.

काकू म्हणाल्या, म्हातारा मात्र ठणठणीत.

५ नोव्हेंबर

थंडी पडली. डॉक्टर म्हणाले, आता याच्या झोपेची तयारी करा. दर थंडीत झोपणारा जीव, या वयात जागा ठेवलात तर टिकायचा नाही. माती आणि वाळका पाला भरलेली पेटी, थंड खोली. पण त्याआधी तीन आठवडे खाणं बंद. फक्त पाणी. पोट संपूर्ण रिकामं झालं पाहिजे. थंडीत याचं पचन थांबतं. आत एवढंसं जरी राहिलं ना, बोटाचं पेर दाखवलं त्यांनी, तर ते आत सडतं. झोपेतच जातो.

विचारलं, आणि झोपल्यावर?

वसंतापर्यंत काही नाही. त्याला कुठे भूक लागते, म्हणाले.

पेटी थंड खोलीतच सापडली. स्वच्छ, कोरड्या मातीनं भरलेली. शेजारची फरशी माणसाच्या लांबीइतकी गुळगुळीत झाली आहे.

८ नोव्हेंबर

पाणी. त्याला पाणी, मला पाणी.

जाता येईल. बॅग भरायला वेळ लागत नाही. बॅग काढली, पुन्हा ठेवली.

११ नोव्हेंबर

आज गेले. बसनं, नाक्यामागून नाके गेले, डोंगर गेला, घर कुठल्या कुठे राहिलं. एका थांब्यावर उतरून ब्रेड घेतला. रस्त्यावर उभ्या उभ्या खाल्ला, अख्खा. शेजारच्या माणसानं विचारलं, ताई, आणखी देऊ का? त्याच्या हातात अर्धं बिस्किट होतं. तेही घेतलं.

वाटलं, खाल्लेलं इतक्या लांबून त्याच्यापर्यंत नाही पोचणार.

पुढची बस परतीची मिळाली. दारापाशीच वास आला. तो उलटा पडला होता, पाय हवेत, तोंडाला फेस. सुलटा केला. हातात धरून बसले. त्यानं मान माझ्या मनगटावर ठेवली. जड.

अंतरानं काही फरक पडत नाही. जाऊन उपयोग नाही. कुठेही जेवले तरी

२० नोव्हेंबर

कागद कोरा. त्याचं पोट रिकामं.

भूक नाही म्हणत नाही मी. आहे. पण ती लांबून येते, शेजारच्या घरातल्या आवाजासारखी.

पाठ कडक झाली आहे. उताणं झोपता येत नाही. पालथं बरं वाटतं.

२८ नोव्हेंबर

डॉक्टर घरी आले, त्याला पेटीत ठेवायला. माती उकरून तो स्वतःच खाली गेला. डॉक्टर म्हणाले, नमुनेदार. मग वर माझ्याकडे बघितलं. बाई, माणसांच्या डॉक्टरकडे जा. आजच जा. मी हसले. म्हणाले, हसण्यावारी नेऊ नका. बोलताना तुम्ही डोळे मिटता.

ते काकूंकडे गेले. कुंपणापाशी दोघं बोलत होते. माझ्याबद्दल. इतक्या आस्थेनं माझ्याबद्दल कुणी

आता कशाला

१ डिसेंबर

थंड खोलीतच झोपते. पेटीला पाठ लावून. आत त्याचा श्वास आहे. फार वेळानं एक. मग फार वेळानं एक. माझाही

भाच्याचा फोन वाजत होता. हात पोचेपर्यंत थांबला.

३ डिसेंबर

काकू दाराबाहेरून बोलल्या. उद्या सकाळी सूप आणते, माझ्यासमोर प्यायचं, मी ऐकायची नाही. दार उघडलं नाहीत तर माणसं आणून तोडायला लावीन, आत्यांच्या वेळी गप्प बसले, आता नाही. त्यांचा आवाज भरून आला होता.

एक चमचा प्यायले तरी ते त्याच्यात जाणार. थंडीत. आत सडणार.

नाही प्यायले तर मी —

त्याला कुणी नाही. मला तो आहे. आता मला काकू पण —

सूप. गरम. मी विचार करते आहे आणि तोंडाला पाणी सुटतंय आणि पेटीत काहीतरी हललं. नको. नाही पिणार. झोप. नाही पिणार मी.

४ डिसेंबर

सकाळी काकू आल्या. बरोबर डॉक्टर होते. दार वाजवलं. हाका मारल्या, ताई, अहो ताई, उघडा, गरम आहे तोवर घ्या. सुपाचा वास दाराखालून थंड खोलीपर्यंत आला. ओ द्यायची होती. मग दारावर घाव पडू लागले. मी मान आत घेतली. पाय घेतले. आता हा हात —